मूर्ती, प्रतिमूर्ती आणि एक वानर

१

मराठी भाषेने घडीव आकारांना नावे देताना त्यांच्या रूपाकडे फारसे पाहिलेले नाही. माणूस त्यांच्याशी कसा वागतो, हे तिने पाहिले आहे. जिची पूजा होते ती मूर्ती. ज्याचे अनावरण होते आणि पुढे वर्षातून एकदा ज्याच्या गळ्यात हार पडतो तो पुतळा. जिला न्हाऊमाखू घालून निजवायचे आणि रागाच्या भरात जिचा हात उपटायचा ती बाहुली. माती एकच, रंग एकच, कधीकधी कारागीरसुद्धा एकच. पण घरात आल्यावर आपण ती वस्तू देव्हाऱ्यात ठेवतो की मुलाच्या हाती देतो, यावर तिचे नाव ठरते.

गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या घरांतून एक अशी वस्तू येऊ लागली आहे की, यांपैकी एकही नाव तिला नीट बसत नाही. व्हिडिओ गेममधल्या एखाद्या वीराची ती वीतभर, फूटभर, क्वचित हातभर उंचीची प्रतिमा असते. तिची पूजा होत नाही, तिचे अनावरण होत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सर्वांत चमत्कारिक वाटते ते हे की, तिच्याशी कुणी खेळतही नाही. ती विकत आणणारा तरुण तिला काचेच्या कपाटात उभी करतो, तिच्यावर छोटासा दिवा सोडतो आणि धाकट्या भावंडांना हात लावू देत नाही. काही जण तर खोक्याचे सीलसुद्धा फोडत नाहीत. कारण सील फोडले की वस्तूची किंमत उतरते. देव्हाऱ्याचे सोवळे, पुतळ्याची ताठ मान आणि बाहुलीचा रंगीत मोह या तिन्ही गोष्टी तिच्यात थोड्याथोड्या आहेत, आणि तरी ती तिघींतली कुणीच नव्हे. आपण तूर्त तिला 'प्रतिमूर्ती' म्हणू.

अशा वस्तूवर कलासमीक्षकाने शाई खर्च करावी काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. बहुतेक प्रतिमूर्तींच्या बाबतीत ती रास्तही आहे. परंतु यांतली एक प्रतिमूर्ती अशी आहे की तिच्या मागे एका प्राचीन देशाची सबंध शिल्पपरंपरा उभी आहे. ती मूर्ती चिनी वानराची, सुन वुकाँगची. तिच्या निमित्ताने कलाविचारातला एक जुना प्रश्न नव्या वेशात दारात येऊन उभा राहिला आहे. शिल्प म्हणजे नुसता आकार काय? आणि तसे असेल, तर तो आकार बिनचूक उतरवून घेतला की शिल्पही घरी आले असे म्हणता येईल काय?

२

'ब्लॅक मिथ : वुकाँग' हा गेम २० ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. तो रचणारी 'गेम सायन्स' ही चिनी कंपनी २०१४ साली स्थापन झालेली. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. त्याच्या संग्राहकांसाठी काढलेल्या खास संचात नायकाची बारा इंची मापाची प्रतिमा होती, आणि पुढे याच वानरवीराच्या लहानमोठ्या अनेक प्रतिमूर्ती बाजारात आल्या.

गेमची कथा ज्या कादंबरीवर उभी आहे ती 'पश्चिमेची यात्रा' चिनी घराघरात ठाऊक आहे. तिची शंभर प्रकरणांची सर्वांत जुनी उपलब्ध छापील प्रत १५९२ सालची. कर्ता म्हणून वू छंगअन याचे नाव परंपरेने सांगितले जाते. एक भिक्षू धर्मग्रंथ आणण्यासाठी पश्चिमेकडे, म्हणजे आपल्याकडे, भारताकडे निघतो. त्याच्या रक्षणासाठी तीन शिष्य असतात आणि त्यांतला पहिला हा वानर. हा भिक्षू कवीने कल्पनेतून काढलेला नाही. तो सातव्या शतकातला ह्यूएन त्संग. आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात पाठीवर पोथ्यांचे ओझे घेऊन उभा असतो तोच. तो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. आणि तेवढ्यावरून तरी तो खरोखर येऊन गेला असावा, हे आपल्याला पटायला हरकत नाही! राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचेही वर्णन त्याने केले आहे. उंच दालने, भिंतींवर बुद्धचरित्र आणि दाराबाहेर दगडी हत्ती. तो विहार 'अचल' नावाच्या अर्हताने बांधला, असे तो सांगतो. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल हे नाव आहे, आणि सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दगडी हत्ती आजही उभे आहेत. हे वर्णन अजिंठ्याचेच, असे अभ्यासक मानतात ते यामुळे.

वानराच्या जन्माविषयी मात्र मतभेद आहेत. हू शी या चिनी विद्वानाने १९२३ साली असे मत मांडले की, वुकाँगच्या मुळाशी आपला हनुमान असावा. लू शुन या थोर लेखकाला ते पटले नाही. चीनमधल्याच एका जुन्या जलदैत्य-वानराकडे त्याने बोट दाखवले. हा वाद आपण इथे मिटवू शकणार नाही. एवढे मात्र खरे की, छ्वानचौ इथल्या खायय्वान देवळाच्या पश्चिम पागोड्यावर तेराव्या शतकातला एक वानरमुखी योद्धा दगडात कोरलेला आहे. कादंबरी छापली जाण्याच्या तीन शतके आधी हा वानर दगडात शिरलेला होता.

या वानराची एक विद्या आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. शत्रू फार झाले की तो अंगावरचे मूठभर केस उपटतो, चघळतो आणि फुंकरीने उडवतो. आणि प्रत्येक केसाचा एकेक वुकाँग होऊन लढू लागतो. लढाई संपली की तो अंग झटकतो आणि सारे केस पुन्हा जिथल्या तिथे येऊन बसतात. प्रतिकृतीच्या कलेवर यापेक्षा मार्मिक रूपक शोधूनही सापडणार नाही. पुढे ते आपल्या उपयोगी पडेल.

३

हा गेम रचणाऱ्यांनी जे केले ते यापूर्वी एवढ्या प्रमाणावर क्वचितच झाले असेल. त्यांनी आपली देवळे, आपले बुद्ध, आपले द्वारपाल मनाने रचले नाहीत. ते प्रत्यक्ष जुन्या देवळांतून आणि लेण्यांतून गेले, तिथल्या वास्तू आणि मूर्ती सर्व बाजूंनी टिपून घेतल्या आणि त्या छायाचित्रांतून व मापनांतून संगणकात त्यांचे घन आकार उभे केले. अशी छत्तीस स्थळे गेममध्ये आहेत आणि त्यांतली सत्तावीस एकट्या शान्शी प्रांतातली आहेत.

शान्शी हा चीनच्या उत्तरेचा कोरडा, पिवळ्या मातीचा मुलूख. तिथेच युनगांगची लेणी आहेत. इसवी सन ४६० च्या सुमारास थान याओ या भिक्षूच्या देखरेखीखाली ती खोदायला प्रारंभ झाला. आपल्याकडे वाकाटक हरिषेणाच्या काळात अजिंठ्याचे डोंगर पोखरले जात होते ती दशके जवळजवळ हीच. डोंगर पोखरून आत बुद्ध बसवण्याची कल्पना आपल्याकडून मध्य आशियाच्या वाटेने तिकडे गेली. पण तिथल्या छिन्नीने आपला चेहरा घडवला. भव्य खांदे, रुंद कपाळ, ओठांवर ओळखू येईल न येईल असे हसू. आपल्या बुद्धाने डोळे मिटून जगाला आत घेतले. युनगांगच्या बुद्धाने डोळे उघडून मैदानाकडे पाहिले.

परंतु गेममध्ये सर्वांत लक्षात राहते ते श्याओशीथ्यान, म्हणजे 'छोटे पश्चिम-स्वर्ग'. हे मिंग राजवटीच्या अखेरीचे देऊळ. त्याची उभारणी १६२९ साली सुरू झाली. मुख्य दालन काही फार मोठे नाही. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याची ओसरी आणि माजघर मिळून होईल एवढेच. आणि त्या जागेत सुमारे १,९०० मूर्ती आहेत! काही माणसाहून उंच, काही बोटाएवढ्या. भिंतींवर, खांबांवर, तुळयांवर त्या अधांतरी लोंबल्यासारख्या रचल्या आहेत. बुद्ध, बोधिसत्त्व, वादक, नर्तिका, मेघ, मनोरे, पूल, सारे एकमेकांत गुंतलेले आणि सोन्याचा मुलामा दिलेले. आणि हे सर्व कशाचे? लाकडाचा सांगाडा, त्यावर काड मिसळलेली माती, त्यावर कापसाचा तंतू घालून मळलेली मऊ माती. आपल्या कुंभाराला हा मसाला परका वाटणार नाही.

त्याच प्रांतात काओफिंग इथले 'लोखंडी बुद्धाचे देऊळ' आहे. खेड्यातले लहानसे देऊळ. आत चोवीस देव दाटीवाटीने उभे आहेत आणि भिंतीवरून पुढे झुकून आलेल्या माणसावर आता उडी घेतील की काय असे वाटते. या चोवीस देवांची यादी वाचली म्हणजे मराठी वाचकाला गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. चिनी बौद्ध परंपरेच्या या यादीत ब्रह्मदेव आहे, इंद्र आहे, यम आहे, सूर्य-चंद्र आहेत, सरस्वती आहे आणि आपण लक्ष्मीपूजनाला जिची वाट पाहतो ती श्रीलक्ष्मीही आहे. देव आपले, पण पोशाख चिनी दरबाराचे! तसेच चिनछंगच्या 'रत्नसम्राटाच्या देवळा'तले अठ्ठावीस नक्षत्रपुरुष आणि नक्षत्रस्त्रिया. य्वान राजवटीतली ही मृण्मूर्ती-माला. प्रत्येक नक्षत्राला माणसाचे रूप आणि जवळ त्याचा प्राणी. कुणाच्या हातात ससा, कुणाच्या पायाशी ड्रॅगन. आणि चेहरे असे की, या प्रत्येकाला आपण कुठल्या ना कुठल्या बाजारात भेटलो आहोत असे वाटावे.

ही शिल्पे एकेकटी पाहण्यासाठी घडलेली नाहीत, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. श्याओशीथ्यानमधला बोटाएवढा वादक उचलून बाहेर आणला तर त्याच्यात पाहण्यासारखे फारसे काही उरणार नाही. त्याचे सारे सौंदर्य तो कुणासाठी वाजवतो आहे, कुठल्या ढगावर बसला आहे, त्याच्या शेजारचा कसा मान वेळावतो आहे यात आहे. देवळातली थोरली मूर्ती किंचित पुढे झुकलेली असते आणि तिचे मस्तक जरासे मोठे केलेले असते. कारण पाहणारा खाली, गुडघ्यांवर बसणार हे कारागिराला ठाऊक होते. पाहणाऱ्याची जागा त्याने मूर्तीतच घडवून ठेवली आहे. दाराची दिशा, सकाळचे तिरपे ऊन, धूप, शेजारचे देव आणि खाली बसलेला माणूस इतक्या सगळ्यांचे मिळून ते शिल्प होते. माती हा त्याचा एक भाग झाला.

४

आता कपाटातल्या वानराकडे वळू, आणि त्याच्यावर अन्याय न करता पाहू.

अशी प्रतिमूर्ती कशी घडते? प्रथम संगणकाच्या पडद्यावर एक कलावंत आकार घडवतो. त्रिमिती छपाईच्या यंत्रातून त्याचा नमुना निघतो. नमुन्यावरून सिलिकोन रबराचा साचा होतो, साच्यात रेझिन ओततात, सांधे घासतात आणि मग हातांनी रंग चढवतात. म्हणजे पेणच्या कारखान्यातल्या गणपतीचा आणि या वानराचा प्रवास शेवटच्या टप्प्यात सारखाच आहे. साचा आहे म्हणून कला नाही, असे म्हणणाऱ्याला भाद्रपदात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

कसबाच्या दृष्टीने यांतल्या चांगल्या प्रती थक्क करणाऱ्या असतात. वानराच्या गालावरची लव वेगळी, मानेवरची आयाळ वेगळी. कादंबरीत चार समुद्रांच्या नागराजांकडून त्याने उपटलेला पोशाख, म्हणजे फिनिक्स पक्ष्याच्या पिसांचा मुकुट, सोन्याच्या कड्यांचे चिलखत आणि ढगांवर चालणारे जोडे, तपशीलवार उतरवलेला असतो. चिनी देवळांतल्या लोकपालांच्या चिलखतावर खांद्याशी आणि पोटाशी हिंस्र पशूंची मुखे असतात. तीही इथे आपल्याला ओळखीची खूण देतात. हातातला तो दंड, साडेतेरा हजार चिनी शेर वजनाचा आणि तरी सुईएवढा होऊन कानात मावणारा, इथे पेन्सिलीएवढा होऊन बसलेला असतो. वानराला त्यात काही नवल वाटणार नाही.

मग उणे कुठे पडते?

उणे पडते ते या वानराला शेजारी नाही इथे. शिल्पातल्या द्वारपालाचा आवेश दाराच्या संदर्भात असतो. आत जे बसले आहे त्याचे त्याला रक्षण करायचे असते, म्हणून त्याची भुवई वक्र असते. कपाटातल्या वानराने तीच भुवई, तेच चिलखत, तोच पवित्रा घेतला आहे. पण त्याच्या पाठीशी देव नाही आणि समोर शत्रू नाही. आवेश आहे, प्रयोजन नाही. हे उणेपण कलावंताला जाणवत असावे. कारण ते भरून काढण्यासाठी तो पायाखालच्या खडकात लाटा, ज्वाळा, मेघ, कवट्या असे काय काय भरत जातो. तपशील वाढतो आणि नजरेला विसावा राहत नाही. युनगांगच्या बुद्धाच्या छातीवर छिन्नीने जवळजवळ काहीच केलेले नाही, आणि पाहणाऱ्याचे मन तिथेच जाऊन बसते. जुन्या शिल्पकाराने ज्या जागा मोकळ्या सोडल्या, त्या पाहणाऱ्यासाठी सोडल्या होत्या. प्रतिमूर्तीत मोकळी जागा म्हणजे काम अपुरे राहिले असे गिऱ्हाईक समजते.

दुसरे असे की, तिची नजर आपल्याला भेटत नाही. चीनमध्ये मूर्ती घडून झाली की तिचे डोळे उघडण्याचा विधी होतो. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेशी त्याचे नाते सहज लक्षात येईल. त्या क्षणापर्यंत ती माती असते, पुढे ती पाहू लागते. 'दर्शन' या शब्दात दोन्ही बाजूंचे पाहणे आहे. आपण देवाला पाहतो आणि त्यानेही आपल्याला पाहावे म्हणून गाभाऱ्यापाशी क्षणभर रेंगाळतो. प्रतिमूर्तीच्या बाबतीत पाहण्याचा हक्क एकट्या मालकाला. तो तिच्याकडे वरून पाहतो, फिरवून पाहतो, मागची बाजू पाहतो, क्रमांक पाहतो. कथेतला वानर एका उडीत १ लाख ८ हजार ली अंतर तोडून विश्वाच्या टोकाशी पोचला, तिथल्या खांबावर आपले नाव लिहून आला आणि मग कळले की तो खांब म्हणजे बुद्धाचे बोट. तळहातावरच होता तो सारा वेळ! आता तोच वानर आपल्या तळहातावर उभा आहे. पण आपण काही बुद्ध नव्हे, आणि त्यामुळे या प्रसंगातला सगळा अर्थ निघून गेला आहे.

५

आता या विषयातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो.

सामान्य बुद्धीला असे वाटेल की, पडद्यावरचा गेम हा नुसता प्रकाशाचा खेळ; त्याला ना वजन, ना स्पर्श. हाती धरता येणारी प्रतिमूर्ती तेवढी शिल्पाच्या जवळची. निदान तिला तीन मिती आहेत, ती पडली तर फुटते. प्रत्यक्षात उलटे घडले आहे. बिनवजनाचा गेम शिल्पाच्या जवळ गेला आहे आणि वजनदार प्रतिमूर्ती दूर राहिली आहे.

याचे कारण वर सांगितलेच आहे. गेमने आकाराबरोबर नातीही उचलली. खेळणारा वानर होऊन देवळाच्या दारातून आत शिरतो तेव्हा तो लहान असतो आणि मूर्ती वर, अंधारात, अर्धवट दिसणाऱ्या असतात. त्याला मान वर करावी लागते. एका दालनातून दुसऱ्यात चालावे लागते, वाट चुकावी लागते, थांबावे लागते. जुन्या कारागिराने पाहणाऱ्यासाठी जी जागा आखून ठेवली होती, तीच जागा गेमने खेळणाऱ्याला दिली. शिवाय मूर्तींच्या त्या दाटीला गेमने कथेतला अर्थही दिला. कादंबरीत 'छोटे पश्चिम-स्वर्ग' हे एक फसवे स्थळ आहे. पिवळ्या भुवयांचा एक राक्षस तिथे बुद्ध होऊन बसतो, खोटे देऊळ उभारतो आणि भोळा भिक्षू त्याच्यापुढे साष्टांग नमस्कार घालून पकडला जातो. एकट्या वानरालाच त्यातली खोट दिसते. गेमने या राक्षसाच्या कथेला श्याओशीथ्यानच्या खऱ्या मूर्तींची पार्श्वभूमी दिली. खऱ्या देवांच्या गर्दीत खोटा देव! प्रतिकृती म्हणजे काय आणि तिच्यापुढे कुठवर वाकावे, हा प्रश्न त्या दालनात आपोआप उभा राहतो.

याहून धाडसी कल्पना दुसऱ्या अध्यायात आहे. पिवळ्या वाऱ्याच्या त्या ओसाड प्रदेशात एक भिक्षू बसलेला भेटतो. हातात तीनतारी वाद्य, उत्तर शान्शीच्या शेजारच्या मुलखातल्या कथेकऱ्यांच्या ढंगाचे गाणे, आणि धडावर मस्तक नाही. प्रथम अंगावर काटा येतो. मग ध्यानात येते की, अशी मस्तकहीन धडे आपण पाहिलेली आहेत. शान्शीतल्याच थिएनलुंगशानच्या लेण्यांतून १९२० च्या दशकात मूर्तींची मस्तके तोडून परदेशी बाजारात विकली गेली. लुंगमनच्या लेण्यांतले राजा-राणीच्या मिरवणुकीचे दोन थोर शिल्पपट १९३० च्या दशकात फोडून नेले गेले. आज एक न्यूयॉर्कच्या आणि दुसरा कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहे. मस्तकाला गिऱ्हाईक मिळते, धडाला मिळत नाही. म्हणून धडे मागे राहिली. गेमच्या कर्त्यांच्या मनात हे होते की नाही याचे मला प्रयोजन नाही. कलाकृतीत ते आहे. तुटलेली मूर्ती दुरुस्त करून सुबक दाखवण्याऐवजी तिच्या जखमेलाच त्यांनी गळा दिला आणि गायला लावले.

आणि इथेच 'संग्रह' या शब्दाची दुसरी, काळी बाजू दिसते. मस्तके नेणारेही संग्राहकच होते आणि त्यांना त्या शिल्पांची आवड नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांनी केले ते एवढेच: जे नात्यात होते ते तोडून कपाटात आणले. आजची रेझिनची प्रतिमूर्ती कुणाचे मस्तक तोडत नाही, हे तिच्या बाजूने मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पण पाहण्याची जी सवय ती लावते, ती त्याच घराण्यातली आहे. सुटे करा, उजळ करा, आपले करा.

६

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. लहान मूर्ती, विकतची मूर्ती, घरी आणलेली मूर्ती यांत वाईट ते काय? बौद्ध यात्रेकरू शतकानुशतके मातीच्या आणि काशाच्या लहान मूर्ती गाठीला बांधून हिंडले. ह्यूएन त्संगसुद्धा परतताना पोथ्यांबरोबर बुद्धप्रतिमा घेऊन गेला. आपल्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण अंगठ्याएवढा असतो आणि त्याच्यापुढे सबंध घर वाकते.

हे खरे आहे, आणि यावरूनच आपल्याला नेमका निकष मिळतो. दोष लहानपणाचा नाही आणि पैशाचाही नाही. अंगठ्याएवढ्या बाळकृष्णाला रोज पाणी लागते, गंध लागते, वर्षातून एकदा पाळणा लागतो. घराने त्याच्याशी नाते जोडलेले असते, म्हणून त्याचे लहानपण आड येत नाही. याच दिवसांत अंगणाअंगणांतून उभे राहणारे मुलांचे किल्ले पाहा. बाजारातल्या टोपलीत गवतावर आडवा पडलेला मावळा म्हणजे चार बोटांचा मातीचा तुकडा. रंग डोळ्यात गेलेला, तलवार वाकडी. तोच बुरुजावर उभा केला, मागे अळिवाची हिरवळ उगवली, वर सिंहासनावर महाराज बसले आणि खाली पणती लागली की त्याच्या वाकड्या तलवारीला अर्थ येतो. कलेच्या दृष्टीने तो रेझिनच्या वानरापुढे काहीच नाही. पण त्याला राखायला दार आहे, राजा आहे आणि समोर रस्त्यावर आपल्यासारखा पाहणारा आहे. श्याओशीथ्यानच्या अनामिक कारागिराला जे ठाऊक होते, ते आपल्या आठ वर्षांच्या पोरांना ठाऊक असते. आकाराला घर लागते.

मग या प्रतिमूर्तीचे करायचे काय? ती वाईट, ती आणू नका, असे सांगणे सोपे आहे आणि व्यर्थही. वानराच्या केसांचे रूपक इथे मदतीला येते. केस उपटून हजार वानर करण्यात काही पाप नाही. कथेतला वानर ते सर्रास करतो. पण लढाई संपल्यावर केस परत अंगावर येतात. प्रतिकृती मुळाकडे परतते की नाही, ही तिची खरी कसोटी. या गेमपुरते बोलायचे तर ती परतली. ऑगस्ट २०२४ नंतर शान्शीतल्या ज्या देवळांकडे फारसे कुणी फिरकत नव्हते तिथे माणसांच्या रांगा लागल्या. ज्या तरुणांनी मातीच्या मूर्तीकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते, ते पडद्यावर पाहिलेला देव खरा कुठे आहे हे शोधत खेड्यापाड्यांत गेले. यातही धोका आहेच. मातीचे शिल्प श्वासाच्या दमटपणानेसुद्धा झिजते, आणि लहान दालनात हजारोंची गर्दी ही काही त्याच्या हिताची गोष्ट नव्हे. तेथील रक्षकांना प्रवेशावर मर्यादा घालाव्या लागतात. तरी विस्मरणाने मरण्यापेक्षा ही अडचण बरी.

थिएनलुंगशानची गोष्ट याहूनही बोलकी आहे. ज्या तंत्राने गेममधली देवळे उभी राहिली, त्याच जातीच्या तंत्राने शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जगभर विखुरलेली त्या लेण्यांतली शिल्पे मोजून, टिपून, संगणकाच्या पडद्यावर पुन्हा आपापल्या कोनाड्यांत बसवून दाखवली. पडद्यावर का होईना, धडाला मस्तक मिळाले. आणि आठव्या लेण्यातल्या बुद्धाचे मस्तक तर जपानमधल्या लिलावात सापडून २०२० साली खरोखरच चीनला परत आले. तुटलेला केस अंगावर परत बसू शकतो, तो असा.

तेव्हा आपल्या घरातल्या चिरंजीवांनी दिवाळीच्या पैशांतून असा एखादा वानर आणलाच, तर त्याला नावे ठेवण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. त्याच्याशेजारी बसून विचारावे की, बाबा रे, हे चिलखत कुठल्या द्वारपालाचे? हा ज्याच्या मागून चालत होता तो भिक्षू कोण? तो आपल्याकडे आला होता म्हणतात, मग त्याने सांगितलेले ते दगडी हत्ती तू पाहिलेस काय? नसतील पाहिले, तर छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जायला काही १ लाख ८ हजार लींची उडी घ्यावी लागत नाही. एवढे विचारणे झाले आणि त्या दिशेने दोन पावले पडली, म्हणजे कपाटातल्या वस्तूला नाव मिळेल. ती मूर्ती होणार नाही, पुतळा होणार नाही आणि बाहुलीही होणार नाही. ती त्या वानराचा एक उपटलेला केस ठरेल. आणि केसाचे काम मूळ वानराकडे परत जाण्याचे असते.